खचलेला पाया अंडरपिनिंग (म्हणजे जुन्या पायाखाली खोदून काँक्रीटचा आधार देणं) करून घेतला, एक पावसाळा आणि एक उन्हाळा झाला, अनुभव सांगतो

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमचं घर, दगडी पायावरचं जुनं लोड बेअरिंग (कॉलम नाहीत, सगळा भार भिंतींवर), खाली सगळी काळी माती. २०२१ च्या पुरानंतर कोपऱ्यातली खोली बसायला लागली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा वर गेलेला, खाली केसभर आणि वर बोट जाईल एवढा, दार चौकटीला घासायचं ते वेगळंच. गवंडी म्हणाला पुट्टी भरून रंग मारू, होतंय सगळं. म्हटलं थांब, आधी इंजिनिअर बघू दे. त्यांनी तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली आणि शेजारी पेन्सिलनं तारीख टाकली. थोड्या आठवड्यांत पट्टी मधोमध फुटलेली, म्हणजे घर अजून हलतंय.

गल्लीत सगळे पुरालाच शिव्या घालतात, पण आमच्याकडं खोदल्यावर निघालं भलतंच. सांडपाण्याचा चेंबर पायाला लागून, त्याचा जॉइंट फुटलेला, आणि गच्चीचं पाणी पण तिथंच पडायचं. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, वर भिंत कशी गप्प बसेल? म्हणून आधी चेंबर लांब नेला, पाइप बदलले, मग पायाला हात लावला.

कामाची पद्धत म्हणजे साधारण चार फुटांचे खड्डे, एक सोडून एक, शेजारशेजारचे दोन कधीच एकदम उघडायचे नाहीत. कॉन्ट्रॅक्टर जेसीबीनं सगळी भिंत एका दिवसात मोकळी करतो म्हणत होता, इंजिनिअरनं हाकलायचाच बाकी ठेवला त्याला. काळी माती संपून कडक मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, काँक्रीट भरायचं पण जुन्या दगडाच्या खाली दोन-तीन इंच फट ठेवायची, कारण काँक्रीट सुकताना आकसतं. ते घट्ट झाल्यावर फटीत जेमतेम ओला सिमेंट-वाळूचा माल लाकडानं ठोकून ठोकून बसवायचा. हे ठोकायचं काम कंटाळवाणं आहे, तिथं उभं राहूनच करून घ्या.

आता रिझल्ट. नवीन काचपट्टी उन्हाळा काढून पण शाबूत आहे, दार एका बोटानं लागतंय. कंपाउंडच्या भिंतीला काही केलेलं नाही, तिची चीर पावसात मिटते आणि एप्रिलमध्ये परत उघडते, त्यामुळं फरक डोळ्यासमोर दिसतो. पण घर परत वर उचललं जात नाही हां, फरशीचा उतार तसाच आहे, पोराची गोटी अजून कोपऱ्यातच जाते.

तक्रार एकच, खड्ड्यांचा भराव नुसता लोटला, धुमस मारून दाबलाच नाही, पहिल्या मोठ्या पावसात भिंतीकडेचा कोबा (सिमेंटची जमीन) बसला आणि पाणी परत पायाकडं वळलं. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर साहेब साइटवर आहेत, कायम. शेवटी दुसऱ्याकडून सगळं उखडून मुरूम थर देऊन धुमसला आणि कोब्याला बाहेर उतार काढला. कोटेशनमध्ये भराव, धुमस आणि कोबा वेगवेगळं लिहून घ्या, नाहीतर नंतर "ते आमच्यात नव्हतं" म्हणतात.