वर्षभरात बायबल: कोणता तक्ता डिसेंबरपर्यंत टिकतो?

31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना आटोपली की बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) लोक दोन कागद घेऊन घरी जातात: नव्या वर्षासाठीच्या वचनाचं कार्ड आणि बायबल वाचनाचा तक्ता. कार्ड वर्षभर बायबलच्या पानांत राहतं. तक्ता फेब्रुवारीत कुठेतरी गहाळ होतो आणि मग ‘यंदाही जमलं नाही’ म्हणून वाचणाराच स्वतःला बोल लावत बसतो. तक्त्याचं गणित मात्र कुणी तपासत नाही.

प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय आहेत. त्यांतले 929 जुन्या करारात, 260 नव्या करारात. (कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं असल्यामुळे हे आकडे तिथे लागू नाहीत.) सर्वांत जास्त वाटला जाणारा तक्ता सरळसोट असतो, पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने: सोमवार ते शनिवार रोज तीन अध्याय, रविवारी पाच. आठवड्याचे 23, बावन्न आठवड्यांचे 1196. कागदावर हिशोब चोख बसतो.

वाचताना काय होतं ते पाहा. पहिल्या पुस्तकाचे, म्हणजे उत्पत्तीचे, 50 अध्याय जानेवारीच्या मध्यालाच संपतात, कारण ती कथाच आहे, भराभर वाचली जाते. साधारण 23 जानेवारीला निर्गमाचा 25वा अध्याय येतो आणि निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मोजमापं सुरू होतात: हात, फळ्या, कड्या, पडदे. 28 जानेवारीच्या सुमारास लेवीय, 5 फेब्रुवारीला गणना. गणनेचा सातवा अध्याय 89 वचनांचा, त्यात बारा सरदारांची अर्पणं बारा वेळा जवळजवळ त्याच शब्दांत. लोक गळतात ते याच तीन आठवड्यांत. त्यातून जे तरतात त्यांना मत्तय, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारं पहिलं शुभवर्तमान, भेटतो तो थेट 10 ऑक्टोबरच्या आसपास. म्हणजे उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि ईस्टर येतात तेव्हा तुम्ही शमुवेल, राजे किंवा इतिहास यांच्यात असता आणि शुभवर्तमान अजून सहा महिने लांब असतं. ख्रिस्ती माणसाच्या वर्षाला ही मांडणी शोभत नाही. ज्यांनी संपूर्ण बायबल आधी एकदा वाचलंय त्यांच्यासाठी ठीक. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा तक्ता देऊ नये.

रॉबर्ट मरे मॅकशेन या डंडीच्या स्कॉटिश पाळकाने 1842 साली आपल्या मंडळीसाठी केलेला तक्ता यापेक्षा कितीतरी विचारपूर्वक आहे. रोज चार ठिकाणचं वाचन, दोन कुटुंबात आणि दोन एकांतात. 1 जानेवारीला उत्पत्ती 1, मत्तय 1, एज्रा 1 आणि प्रेषितांची कृत्ये 1. वर्षअखेर जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा होते. लेवीय इथेही येतंच, पण मार्चअखेरीस आणि रोज एकच अध्याय, सोबत दुसरीकडे स्तोत्रं आणि नव्या करारातली पत्रं चालू. तोंड कोरडं पडत नाही. उणीव एवढीच की ओझं मोठं आहे. वर्षाचे जवळपास 1600 अध्याय होतात, मराठीत मनातल्या मनात वाचायलाही रोजचा अर्धा तास लागतो आणि तक्त्यात एकही मोकळा दिवस नाही. मॅकशेनने स्वतःच धोके लिहून ठेवले होते: वाचनाचा नुसता उपचार होणं, स्वतःला धार्मिक समजणं, निष्काळजी वाचन, आणि न पेलणारं जू. तक्ता वाटणारे ही यादी मात्र छापत नाहीत. ज्या घरात रात्रीची कौटुंबिक प्रार्थना अजून टिकून आहे तिथे चारांपैकी दोन वाचनं सर्वांनी मिळून वाचले तर हा सर्वोत्तम. एकट्याने चारही ओढायला गेलात तर मार्चमध्ये दमाल.

मोकळ्या दिवसांचं उत्तर नॅव्हिगेटर्स संस्थेच्या ‘डिसायपलशिप जर्नल’ तक्त्यात सापडतं. यातही रोज चार ठिकाणचं वाचन, पण महिन्याला फक्त 25 दिवसांचं. उरलेले दिवस राहिलेलं भरून काढायला, किंवा एखादाच अध्याय निवांत वाचायला. लग्नाचे मुहूर्त, परीक्षा, पाहुणे, ताप, सगळं त्या पाच-सहा दिवसांत मावतं. संपूर्ण बायबल एकदाच होतं, रोज सरासरी चार अध्याय. नोकरी करणाऱ्यांसाठी आमची पसंती हीच.

मोबाइलवर यूव्हर्जन हे मोफत अ‍ॅप आहे आणि त्यात मराठी आवृत्त्याही आहेत: बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’, आयआरव्ही (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) आणि सोपी ‘ईझी-टू-रीड’. त्यातली वाचनयोजना सुरू करण्याआधी आवृत्ती निवडून ठेवा, नाहीतर उतारा भलत्याच भाषेत उघडतो. दिवस चुकले तर ‘कॅच मी अप’ने तारखा पुढे सरकतात, सोय चांगली आहे, पण दर वेळी दाबलं तर वर्षाचं दीड वर्ष होतं. अ‍ॅप जी सलग दिवसांची माळ दाखवतं, ती अ‍ॅप उघडल्याची असते, वाचल्याची नव्हे. तिच्यावर विसंबू नये.

आवृत्तीबद्दल थोडं. ‘पवित्र शास्त्र’ची भाषा भारदस्त आहे आणि मंडळीत तीच कानावर पडते, म्हणून स्तोत्रं आणि शुभवर्तमानं तीतच वाचावीत. निर्गमाचा उत्तरार्ध, लेवीय आणि यहेज्केलाचे शेवटचे नऊ अध्याय यांना मात्र सोपी आवृत्ती शेजारी हवी. लेवीय 1 ते 7 मधली होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण ही पाच नावं समासात लिहून ठेवली तर अर्धा गोंधळ मिटतो. सोळाव्या अध्यायाला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, इब्री लोकांस पत्र 9 आणि 10 जोडून वाचा. तक्त्यात नसलं तरी. छापील प्रत असेल तर चार ठिकाणांच्या खुणेसाठी चार सॅटिन फिती लावा. हायलायटर नको, पातळ कागदावर मागे उमटतो; रंगीत पेन्सिल पुरते.

त्या वचनाच्या कार्डावर फार वेळा यिर्मया 29:11 असतं, भावी सुस्थितीची आशा देणारं. त्याच्या आधीचं वचन कार्डावर नसतं: बाबेलमध्ये बंदिवान होऊन गेलेल्यांना सत्तर वर्षांनी परत आणण्याचं ते अभिवचन आहे, आणि त्याच अध्यायात तोवर तिथेच घरं बांधा, मळे लावा असंही सांगितलंय. सरळसोट तक्त्यात हा अध्याय ऑगस्टच्या उत्तरार्धात येतो. कार्ड मिळाल्याच्या दिवशीच तो पूर्ण वाचणं सोपं.

ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांच्यासाठी नवा करारच पुरे: 260 अध्याय, आठवड्याला पाच, बावन्न आठवडे. शनिवार-रविवार मोकळे. आणखी लहान हवं तर चार शुभवर्तमानांचे मिळून 89 अध्याय आहेत, रोज एक घेतला तर 30 मार्चला संपतात.

तक्ता कोणताही असो, मागे पडलात की दुप्पट वाचून गाठायला जाऊ नका. सरळसोट तक्त्यात पाच दिवस चुकले की पंधरा ते सतरा अध्याय तुंबतात आणि ते एका रात्रीत उरकले तर काहीच डोक्यात राहत नाही. आजच्या तारखेला या, सुटलेल्या अध्यायांना पेन्सिलने खूण करा आणि मोकळ्या दिवशी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत ते घ्या.