कोथरूडचं गेम डिझाइन वर्कशॉप: पहिला रविवार वसूल, दुसरा अर्धाच

दोन रविवार, रोज सहा तास, कोडिंग अजिबात नाही. तयार कॉम्प्युटर गेम सोलायचा आणि घटक, नियम, ध्येय, इंटरफेस असे भाग वेगळे काढायचे, एवढंच इथे शिकवतात. युनिटी, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, शिकायची असेल त्यांनी दुसरा क्लास बघावा.

सुरुवात मात्र फर्मास. टेबलावर 1 ते 9 आकड्यांच्या चिठ्ठ्या. दोघांनी आळीपाळीने एकेक उचलायची, ज्याच्या कुठल्याही तीन चिठ्ठ्यांची बेरीज आधी 15 होईल तो जिंकला. पाच-सहा डाव झाले की पुढ्यात चौकोन येतो: 2-7-6, खाली 9-5-1, त्याखाली 4-3-8. आडवी, उभी, तिरकी, कुठलीही ओळ घ्या, बेरीज 15. म्हणजे इतका वेळ सगळे फुल्ली-गोळाच खेळत होते! खेळायचे नियम निराळे, आतलं गणित तेच.

मग 1980 चा पॅक-मॅन, भुतं चुकवत भूलभुलैयातले ठिपके खायचा गेम. 240 ठिपके, 4 मोठ्या गोळ्या, 4 भुतं हे घटक. गोळी खाल्ली की भुतं थोडा वेळ खाता येतात, हा नियम. ती निळी दिसतात, हा इंटरफेस. पुढच्या लेव्हल्सना हा वेळ घटत घटत शून्यावर येतो, आणि इथे बरेच जण नवा नियम लिहून मोकळे होतात. वाक्य तेच ठेवून नुसता आकडा बदलून भागत असेल, तर नियम जुनाच. भुतांचं उलटं आहे. घटक म्हणून चौघं एका जातीची, पण लाल भूत थेट मागे लागतं, गुलाबी पॅक-मॅनच्या चार घरं पुढे नेम धरतं, नारिंगी आठ घरांच्या आत आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. तिथे नियम खरंच वेगळे लिहावे लागतात.

सोबत मिळणाऱ्या कार्डांत दोन चुका आहेत. ‘जीव’ घटकांत टाकलाय. तो नुसता मोजणीचा आकडा, भुताने धरलं की एकने कमी होणारा. ‘गुण’ ध्येयात आहेत, पण लेव्हल संपते ती ठिपके आणि गोळ्या संपल्यावर.

दुसऱ्या रविवारी एमडीए, म्हणजे 2004 मध्ये मांडलेली मेकॅनिक्स (गेमचे नियम), डायनॅमिक्स (खेळताना त्यांतून जे घडतं ते), एस्थेटिक्स ही तीन थरांची पद्धत. स्लाइडवर तिसऱ्या थराला ‘सौंदर्य’ म्हटल्यामुळे अर्धा वर्ग ग्राफिक्सवर वाद घालत बसतो. तिथे अभिप्रेत आहे ते खेळताना काय वाटतं ते: आव्हान, शोध, सोबत.

शेवटच्या दोन तासांत स्वतःच्या आवडीचा गेम सोलायचा असतो. बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम घेऊ नका, बंदुकांची यादी करण्यातच वेळ जातो. टेट्रिस किंवा स्नेक घ्या. सापशिडीही चालेल, खेळाडूला निवड शून्य असली की काय उरतं, ते तिच्यात लख्ख दिसतं.

गाडी लावायला जागा नाही. मेट्रोने आनंदनगरला उतरा.