वॉचमनने विचारलं तर भाची म्हणून सांगायचं

माझे २२,००० रुपये गेले. त्यातले ३,००० परत आले. पुण्यात ही रक्कम कुणाला फार वाटणार नाही, पण माझा तेव्हाचा पगार १६,५०० होता आणि मुलीला जूनमध्ये इकडच्या शाळेत घालायचं म्हणून मी एकेक रुपया बाजूला काढत होते. तेव्हा हे जरा सविस्तरच सांगते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी लातूरहून पुण्याला आले. नवऱ्यापासून वेगळी झाले होते, मुलगी आईकडे ठेवली होती, आणि एका दवाखान्यात बिलिंगच्या काउंटरवर काम मिळालं होतं. ट्रॅव्हल्सने पहाटे हडपसरला उतरले तेव्हा एक बॅग आणि एका मैत्रिणीचा चार दिवसांचा आसरा, एवढंच होतं.

पुण्यात खोली परवडत नसेल तर माणूस कॉट भाड्याने घेतो. 'कॉट बेसिस, फक्त मुलींसाठी' असे कागद विजेच्या खांबांवर, झेरॉक्सच्या दुकानांबाहेर चिकटवलेले असतात. पण त्यातल्या 'मुली' म्हणजे कॉलेजच्या नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या. अडतीस वर्षांची बाई दारात उभी राहिली की पहिला प्रश्न, "मिस्टर कुठे असतात?" खरं सांगितलं की जागा भरलेली असायची. तीन ठिकाणी हे झालं. चौथ्या ठिकाणी, कर्वेनगरमध्ये, ती भेटली.

तिला आम्ही ताई म्हणायचो. पन्नाशीची, तोंडाने गोड, कपाळावर मोठं कुंकू. तिने मिस्टरांचं विचारलंच नाही. मीच सांगितलं, तर म्हणाली, "अगं, माझंही तेच. चहा घे आधी." मी तिथेच हरले. दोन बेडरूमचा फ्लॅट. एका बेडरूममध्ये ती, दुसरीत चार कॉट, हॉलमध्ये तीन. महिना ४,५००, डिपॉझिट १०,०००, डबा वेगळा. करार कुठे करायचा विचारलं तर म्हणाली, "आपल्यात कशाला कागद? अकरा महिन्यांच्या आतलं असलं की लागत नाही." डिपॉझिटची नोंद एका वहीत केली, खाली सही केली. पैसे मोबाइलवरून पाठवायला जो नंबर दिला, तो पुरुषाच्या नावाचा होता. भावाचं खातं आहे म्हणाली.

आणि निघताना सहज म्हणाली, "सोसायटीत उगाच चौकशा करतात. वॉचमनने विचारलं तर भाची म्हणून सांगायचं."

मी सांगितलं. पाच महिने सांगत होते. आम्ही सातही जणी तिच्या भाच्या होतो. एक नांदेडची, एक चिपळूणची, एक तर हिंदी बोलणारी इंदूरची. वॉचमनलाही कळत असणारच. आम्ही हसायचो त्यावर. हसण्यासारखं नव्हतं ते. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये, पोलिसांकडे, मालकाकडे, कुठेही आमचं नाव नव्हतं, आणि ते नसावं याची काळजी आम्ही स्वतः घेत होतो.

ती वाईट वागली असती तर बरं झालं असतं. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तिने शिरा केला होता. नांदेडच्या पोरीला ताप आला तेव्हा रात्री रिक्षा करून दवाखान्यात तीच घेऊन गेली. आजही मला ठरवता येत नाही, की ते सगळं नाटक होतं की दोन्ही खरं होतं.

एप्रिलच्या मध्यावर तिने सांगितलं की मालक मेपासून भाडं वाढवणार आहे. पण जी तीन महिन्यांचं आत्ताच रोख देईल तिला ४,००० नेच धरीन, म्हणजे १२,०००. सात जणींपैकी सहा जणींनी दिले. एकीजवळ पैसेच नव्हते, तिचे ते बारा हजार वाचले. २६ तारखेला ताई तुळजापूरला जाऊन येते म्हणाली. गॅसवर दूध ठेवलं होतं, ते बघायला सांगून गेली. फोन दोन दिवस लागला, मग बंद.

१ मे रोजी सुट्टी, सगळ्या घरात. सकाळी दहाला बेल वाजली. दारात सत्तरीचे गृहस्थ, नाशिकहून आलेले. आम्हाला बघून तेच गोंधळले. "तुम्ही कोण?" नांदेडची पोर सवयीने म्हणाली, "भाची." ते खाली बसले.

ते फ्लॅटचे मालक. ताईशी केलेला करार त्यांच्या पिशवीत होता. जून २०२४ ते एप्रिल २०२५, भाडं २२,०००, तिघांच्या कुटुंबासाठी, दुसऱ्या कुणाला जागा द्यायची नाही असं स्पष्ट लिहिलेलं. चार महिन्यांचं भाडं थकलं होतं. आम्ही कॉटवरच हिशोब मांडला. सात जणींचे महिन्याला ३१,५०० यायचे, म्हणजे प्रामाणिक राहिली असती तरी साडेनऊ हजार सुटत होते. तेवढ्यावर भागलं नसावं. डिपॉझिटचे ७०,००० आणि आगाऊचे ७२,००० घेऊन ती गेली. आजोबांनी आम्हाला आठ दिवस दिले. त्यांचंही बुडालंच होतं.

चौकीत पहिला प्रश्न, "कागद काय आहे?" वहीचं पान दाखवलं. वहीही तिचीच, आमच्याकडे फक्त फोटो. साहेब म्हणाले, हे दिवाणी आहे, कोर्टात जा. एका मुलीचा मावसभाऊ वकिली शिकत होता, त्याने सांगितलं की सुरुवातीपासून बुडवायचा हेतू दिसत असेल तर ती फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. (चारशेवीस आता उरलेलं नाही, १ जुलै २०२४ पासून. शिवी मात्र जुनीच चालते.) एकेकटीने तोंडी सांगण्यापेक्षा सहा जणींचा एक लेखी अर्ज, तारखा, रकमा, वहीचे फोटो, मालकाच्या कराराची प्रत, असं सगळं जोडून पुन्हा गेलो आणि पोच घेतली. तेव्हा कुठे त्या मोबाइलवाल्या 'भावाला' फोन गेला. तो भाऊ नव्हताच, बहुधा ती ज्याचं देणं लागत होती असा कुणी. मोबाइलवरून पैसे पाठवलेल्या आम्हा तिघींना त्याने तीन-तीन हजार परत केले आणि हात वर केले. रोख दिलेल्यांना काहीच नाही. माझे आगाऊचे बारा हजार रोखच होते. रोखीचा आग्रह कशासाठी होता ते तेव्हा समजलं.

त्या 'अकरा महिन्यांच्या' थापेबद्दल. ही समजूत पुण्यात शिकलेल्या लोकांतही आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे जागा भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सने दिली की करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी जागा देणाऱ्याची, भाडेकरूची नाही. कॉटच्या रकमेवर मुद्रांक शुल्क फार तर दीडशे रुपये होतं. नोंदणी फी शहरात १,०००, ती सात जणींनी एका करारात नावं घालून वाटून घेतली तर चहापाण्याएवढी. आणि समोरचा स्वतःच भाडेकरू असेल, तर त्याचा करार मागून बघायचा: मुदत कधी संपते, पुढे जागा द्यायची परवानगी आहे का. ताईचा करार मी नोव्हेंबरमध्ये पाहिला असता तर तिसऱ्या ओळीतच सगळं दिसलं असतं. मागायला लाज वाटली. तिने मला काही विचारलं नव्हतं ना, मग मी कसं विचारू?

मुलगी यंदा लातूरलाच आहे. मी आता वारज्यात एका हॉस्टेलवर राहते. हजार रुपये जास्त जातात, पावती मिळते, आणि गेटवरच्या वहीत माझं नाव आहे.

परवा काउंटरवर नवीन लागलेली एक मुलगी, बीडची, खूश होऊन सांगत होती की नऱ्हेला स्वस्तात कॉट मिळाली. बाई फार प्रेमळ आहेत म्हणे, आल्या आल्या चहा दिला. मी विचारलं, वॉचमनला काय सांगायला सांगितलंय?

"पुतणी," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"