ओपेथचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’: मात्रा मोजायला बसलात तर फसाल

आम्ही चार मेटलवाले (जड गिटारांचं रॉक ऐकणारे) एकत्र बसलो की दर वेळी वाद एकच, खरा प्रॉग बँड कोणता. प्रॉग म्हणजे प्रोग्रेसिव्ह, लांब गाणी आणि अवघड ताल घेऊन नेहमीचा साचा मोडणारं रॉक-मेटल. मग कोणीतरी ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचं १९९९ चं ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ लावतं, सव्वासहा मिनिटांत शंभरच्या वर वेळा ताल बदलतो, झालं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. तो पीस भारीच आहे, वाद नाही. पण सात मात्रांचं कौतुक मला सांगू नका राव, आमची आजी सात मात्रांच्याच रूपक तालातली भावगीतं गुणगुणत भाकऱ्या थापायची, तिला कोणी प्रोग्रेसिव्ह म्हटलं नाही. आणि मेशुगा हा स्वीडिश मेटल बँड ऐकताना बोटं मोजणाऱ्यांनी एकदा त्यांच्या ड्रमरचा, टॉमस हाकेचा, झांजेवरचा हात नीट ऐकावा, बऱ्याच ठिकाणी तो सरळ चारचा ठेका धरून असतो, वेगळ्या लांबीचं आवर्तन गिटार फिरवतात आणि मग समेवर येऊन सापडतात.

तर या वादात माझं उत्तर ठरलेलं असतं, स्वीडनच्या ओपेथ बँडचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’. २००१ चा अल्बम, त्यांचा पाचवा, गोथेनबर्गच्या फ्रेडमन स्टुडिओत केलेला, आठ गाणी आणि एकूण ६७ मिनिटं. प्रॉडक्शनला पॉर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश प्रॉग बँडचा स्टीव्हन विल्सन, आणि ते पहिल्या मिनिटापासून कळतं, कारण इतक्या गचपणातही प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं. माझ्याकडे कॉलेजात होती ती हॉस्टेलवर कोणीतरी बर्न करून दिलेली सीडी, तिसऱ्या गाण्यावर अडकायची, त्यामुळे ‘हार्वेस्ट’ मी कित्येक महिने पूर्ण ऐकलंच नव्हतं. मागच्या महिन्यात ओरिजिनल सीडी घेतली, चांगले हेडफोन लावले आणि रात्री सलग ऐकली.

आता मुद्द्याचं. यात ताल डोक्यावरून जात नाहीत, बऱ्याचदा सहाच्या झोक्यात मान आपोआप हलते. खरी गंमत सांध्यात आहे. एक भाग संपून दुसरा सुरू होतो ती जागा. सुमार प्रॉग बँड काय करतात, एक जड रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा), मग ब्रेक, मग गिटारवर हळुवार काहीतरी, मग परत जड, म्हणजे चार वेगवेगळी गाणी फेविकॉलनं चिकटवल्यासारखं. ओपेथमध्ये सांधा शोधायला गेलात तर सापडत नाही. ‘द ड्रेपरी फॉल्स’ घ्या. जवळपास अकरा मिनिटांचं गाणं, सुरुवातीला ती रडवेली मोठी धून, बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्ट एकदम गोड आवाजात गातोय, आणि साधारण अर्ध्यावर आल्यावर तोच माणूस पोटातून गुरगुरायला लागतो. आमची आई तेव्हा नेमकी चहा घेऊन आत आली होती, स्पीकरवर चालू होतं, म्हणाली, ‘अरे आत्ता तर बरा गात होता, याला काय झालं?’ मी हसलो, पण प्रश्न बरोबर होता, त्या गाण्यात त्या माणसाला खरंच काहीतरी होतं. शेवटी पहिली धून परत येते, नोट्स ओळखीच्या, पण मधलं सगळं सोसून आल्यावर ती पहिल्यासारखी वाटत नाही. मी प्रोग्रेसिव्ह म्हणतो ते याला. गाणं जिथून निघालं तिथेच परत आलं तरी आपण ते आधीसारखं ऐकू शकत नाही.

‘द लेपर अफिनिटी’ पण तसंच, दहा मिनिटं धुमाकूळ आणि शेवटी एकटा पियानो, तो विल्सननं वाजवलाय. ‘ब्लीक’मध्ये तर तो गायलाही आहे.

सगळंच गोड नाही हां. ‘द फ्यूनरल पोर्ट्रेट’ मला नेहमी बाकीच्यांपेक्षा सरळसोट वाटतं, रिफ दमदार पण गाणं फार कुठे जात नाही. ‘डर्ज फॉर नोव्हेंबर’च्या शेवटची शांत गिटार इतकी लांबते की मी दोनदा फोन हातात घेतला. आणि शब्द कळायला बुकलेट लागतंच, त्या गुरगुरण्यात, म्हणजे ग्राउलिंगमध्ये, कोण काय म्हणतंय ते देवालाच माहीत.

गंमत बघा, याच बँडनं २०११ च्या ‘हेरिटेज’मध्ये ग्राउलिंग पूर्ण सोडलं, सत्तरच्या दशकातल्या प्रॉग रॉकच्या वळणावर गेले. फॅन लोक जाम चिडले. लेबल लावायचं तर तो अल्बम जास्त प्रॉग, पण मला विचाराल तर चाळीस वर्षं मागचा आवाज हौसेनं परत उभा करणं म्हणजे पुढे जाणं कसं? हिंमत मात्र मानली, हक्काचं गिऱ्हाईक तोडायला छाती लागते. नंतर २०१९ ला ‘इन कॉडा व्हेनेनम’ स्वीडिश आणि इंग्लिश अशा दोन्ही भाषांत काढला, त्याच वर्षी पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर या म्युझिक फेस्टिव्हलला वाजवून गेले, आणि २०२४ च्या अल्बममध्ये ग्राउलिंग परत आलं. म्हणजे हे लोक स्वतःच्याच फॉर्म्युल्याला चिकटून बसत नाहीत एवढं नक्की.

नवीन असाल तर ‘हार्वेस्ट’पासून सुरू करा, सहा मिनिटांचं आहे, त्यात कोणी ओरडत नाही, घरच्यांसमोर पण चालतं. मग लगेच ‘द ड्रेपरी फॉल्स’, अल्बममध्ये ते त्याच्या पुढचंच आहे. फक्त शफल बंद ठेवा आणि फ्री अ‍ॅपवर ऐकू नका, दोन गाण्यांच्या मध्ये कर्जाची जाहिरात आली की सगळा मूड खल्लास. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा कापला तो ‘डर्ज’च्या शेवटासाठी.