पहिली कविता: उभ्या शब्दावरून की ओवीतून?

तिसरी-चौथीच्या मुलांकडून मराठीत पहिली कविता लिहून घ्यायची, तर गोव्यातल्या शिक्षकापुढे दोन चांगल्या वाटा आहेत. एक, फळ्यावर एखादा शब्द उभा लिहायचा आणि त्याच्या प्रत्येक अक्षराने एक ओळ सुरू करायला सांगायची. दुसरी, ओवी. दोन्हींत मुलाला एक बंधन मिळतं, आणि कोऱ्या पानापुढे बसलेल्या मुलाला त्या बंधनाचा आधारच वाटतो. उभ्या शब्दात बंधन ओळीच्या सुरुवातीला असतं, ओवीत ते शेवटी येतं. माझ्या मते सगळा निर्णय इथेच ठरतो.

'पाऊस' हा शब्द घेऊ.

पागोळ्या धरल्या मी ओंजळीत,
ऊब शोधत मांजर चुलीपाशी गेलं,
सगळं अंगण आज माझ्या होडीचं.

पहिलं अक्षर ठरलेलं, पुढे वाट मोकळी. 'ऊ'पाशी आलं की मूल ऊन, ऊस, ऊब असे शब्द चाचपतं, आणि पावसात ऊब कुणाला हवी असेल याचा विचार करू लागतं. मांजर तिथून कवितेत येतं. आता तोच पाऊस ओवीत:

पाऊस आला दारी,
भिजली तुळस सारी,
होडी माझी न्यारी,
निघाली गे.

तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. म्हणायला किती गोड! पण 'न्यारी' हा शब्द पाहा. तो होडीकडे बघून सुचलेला नाही, 'दारी'ला जुळतो म्हणून आलेला आहे. यमक शोधताना या वयात हे हमखास होतं: मूल डोळ्यांनी पाहिलेलं सोडून कानाला जुळणाऱ्या शब्दामागे जातं. म्हणून निरीक्षण आणि शब्दसंपत्ती वाढवायची असेल, तर मी उभा शब्दच निवडेन.

मात्र शब्द कोणता द्यायचा, याचा विचार घरूनच करून जावा. मुलं इंग्रजीच्या तासाला हाच प्रकार एकेका सुट्या अक्षरावर करतात. देवनागरीत काना-मात्रा अक्षरालाच चिकटलेल्या. म्हणून 'गोवा' शब्दाच्या दोनच ओळी होतात. शिवाय मराठीत 'ळ'ने शब्द सुरू होत नाही आणि 'ण'नेही मुलांच्या ओळखीचा एकही नाही. आपल्या गावांवर कविता करायची म्हटली की ही अडचण लगेच आडवी येते: पणजी, पेडणे, काणकोण, वाळपई, साखळी, म्हार्दोळ. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत माटोळीवर (गणपतीच्या वर बांधतात ती फळा-पानांची सजावट) लिहून घ्यावंसं कुणालाही वाटेल, पण 'ळी'पाशी अख्खा वर्ग अडेल. म्हापसा, मडगाव, शिगमो, काजू हे शब्द बरे. मडगावातल्या 'ड'ला डबा, डोंगर, डुलकी काहीही चालू द्यावं. तिसरीत मूळ व्यंजन जुळलं की पुरे; मात्रेसकट अक्षर पाळायचा आग्रह पाचवीपासून धरावा.

स्वतःच्या नावावरून कविता हा सर्वांत लाडका प्रकार, आणि मला तो सर्वांत कमी पटतो. समीर भराभर लिहून मोकळा होतो, किरण 'ण'वर अडून रडकुंडीला येतो, रियाच्या दोनच ओळी होतात. वर बहुतेक मुलं हुशार, गुणी, प्रेमळ अशी विशेषणं एकाखाली एक मांडतात. ती यादी झाली, कविता नव्हे. नावच हवं असेल तर आजीचं किंवा मित्राचं द्यावं, आणि प्रत्येक ओळीत क्रियापद हवंच अशी अट घालावी. एवढ्या एका अटीने यादी मोडते.

'हे इंग्रजी शाळांतलं खूळ' असं एखादे पालक म्हणतात. अक्षरांचे खेळ मराठी कवितेला मुळीच नवे नाहीत. मोरोपंतांनी ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळून निरोष्ठ रामायण रचलं.

ओवीची बाजू कमी नाही, उलट गोव्यात ती फार भक्कम आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने ख्रिस्तपुराण मराठीत सांगायला ओवीच निवडली. ते 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं, दहा हजारांहून अधिक ओव्यांचं. कुठल्याही घरातल्या मुलाला ही चाल परकी नाही, हे वर्गात अभिमानाने सांगता येतं. ज्या गावांत धालो (बायकांची नाचगाणी) आणि फुगडी अजून रंगतात, तिथल्या मुलांच्या कानात लय आधीच मुरलेली असते. लिहिताना अडखळणारं मूलसुद्धा अशा वर्गात ओवी तोंडी रचतं, शिक्षकाने ती फक्त टिपून घ्यायची. तुमचा वर्ग असा असेल, तर सुरुवात बेधडक ओवीनेच करा.

घरी कोकणी आणि शाळेत मराठी असलेल्या मुलांचं काय? उभ्या शब्दात त्यांना घरचे शब्द सहज आठवतात: 'उ'ला उदक, 'न'ला न्हंय (नदी), 'मा'ला माजर (मांजर). ते खोडू नयेत. ओळ मराठी आणि त्यात एक शब्द घरचा, हे कवितेत शोभतं. ओवीत मात्र यमक जुळवताना क्रियापदांची रूपं मिसळतात आणि मूल गोंधळतं, तिथे शिक्षकाला जास्त हात द्यावा लागतो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. उभ्या शब्दाची कविता एका तासिकेत होते. ओवीला आधी दोन-तीन दिवस नुसतं म्हणणं-ऐकणं हवं. भित्तिपत्रकासाठी पहिली घ्या, आद्याक्षरं रंगीत केली की वाचणारा थांबतो. स्नेहसंमेलनाला ओवी घ्या. उभ्या शब्दाची गंमत डोळ्यांसाठी असते, मंचावरून ती ऐकणाऱ्यांपर्यंत पोचत नाही.