आईनं भरलेला २६ प्रश्नांचा फॉर्म, सांगलीतला अनुभव (५ पैकी ४ स्टार)

मार्चमध्ये आईचं डिप्रेशनचं औषध सुरू झालं. विश्रामबागच्या बाजूला ज्या दवाखान्यात जातो तिथं जीवनमान मोजायचा एक प्रश्नसंच मराठीत तपासून बघायचं काम चालू आहे, म्हणजे हा फॉर्म आपल्याकडच्या डिप्रेशनच्या पेशंटला नीट लागू पडतो का ते. आईला विचारलं, तिनं हो म्हणून सही केली. त्यामुळं हा रिव्ह्यू डॉक्टरांचा नाही, फॉर्मचा आणि तो भरून घ्यायच्या पद्धतीचा आहे.

फॉर्म जागतिक आरोग्य संघटनेचा, डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ. २६ प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय, विचारतात ते मागच्या दोन आठवड्यांबद्दल. शरीर, मन, नाती आणि आजूबाजूची परिस्थिती असे चार भाग. सोबत पीएचक्यू-९ नावाचा डिप्रेशनचा त्रास मोजायचा छोटा फॉर्म पण असतो, त्यात झोप, भूक, थकवा, उदासी असलं सगळं येतं आणि २७ पैकी मार्क पडतात, जास्त मार्क म्हणजे त्रास जास्त.

आधी एका दुसऱ्या हॉस्पिटलात असाच एक फॉर्म हातात देऊन "भरून आणा" म्हणाले होते. आईनं सगळीकडं मधल्या गोलावर टिक केली आणि कुणी तो उघडून पण बघितला नाही. ते अजून मनात आहे.

इथं काउन्सेलर ताई शेजारी बसल्या आणि प्रत्येक प्रश्नाला "काकू, यातनं तुम्हाला काय समजलं ते आधी सांगा" म्हणाल्या. मला वाटलं कशाला एवढा वेळ, पण सहाव्या प्रश्नालाच कळलं. छापलेलं होतं 'आयुष्य किती अर्थपूर्ण वाटते', आई म्हणाली "पेन्शन येतीया की, भागतंय." तिनं अर्थ म्हणजे पैसा धरला होता! पैशाचा प्रश्न पुढं बाराव्या नंबरला वेगळा आहे. म्हणजे ताई नसत्या तर जगण्यात राम वाटतो का याचं उत्तर पेन्शनच्या हिशोबात गेलं असतं आणि कागदावर आई बरी दिसली असती. ताईंनी लगेच लिहून घेतलं, म्हणाल्या असं चार-पाच जणांकडनं आलं की शब्द बदलायला सुचवतो. भाषांतर बरोबर असून चालत नाही, आमच्या आईला तेच समजलं पाहिजे, हे मला त्या दिवशी पटलं.

जुलैत परत भरला आणि मग दोन आठवड्यांनी अजून एकदा. तब्येत तशीच असेल तर दोन्ही वेळची उत्तरं जवळपास सारखी यायला पाहिजेत, नाहीतर फॉर्मवर भरवसा कसा ठेवायचा, असं ताईंनी समजावलं. पण मधल्या काळात कृष्णेचं पाणी चढलं. आम्ही गावभागातले, २०१९ ला घरात पाणी शिरलेलं, त्यामुळं आयर्विन पुलापाशी मोजतात ती पाण्याची पातळी ४० फुटाच्या इशाऱ्याकडं निघाली की आईची झोप उडते, ४५ ची धोक्याची तर लांबच राहिली. 'रोजच्या जगण्यात किती सुरक्षित वाटतं' याला पहिल्या वेळी 'बऱ्यापैकी' म्हणालेली ती दुसऱ्या वेळी 'अजिबात नाही' म्हणाली. आजार वाढला नव्हता आणि फॉर्म पण चुकला नव्हता, नदी चढली होती. ताईंनी तारीख घालून ते बाजूला नोंदवलं. नुसता आकडा घेतला असता तर ही गोष्ट हरवली असती.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पुढचा. पीएचक्यू मार्चमध्ये १७ होता तो जुलैत ८ वर आला, आम्ही घरात सगळे खूश. पण २६ प्रश्नांच्या फॉर्ममधला नात्यांचा भाग जिथल्या तिथं. ताईंनी विचारलं, "काकू, कुणाकडं जाता का?" तेव्हा आई बोलली की भजनाच्या बायकांनी 'वेड लागलं होतं म्हणं' असं बोललेलं तिच्या कानावर आलं, तेव्हापासनं ती गेलीच नाही. चार महिने आम्ही गोळी घेतलीस का, झोप लागली का एवढंच विचारत होतो. आता शेजारच्या काकी तिला सोबत घेऊन जातात.

एक स्टार कापला तो एकविसाव्या प्रश्नासाठी. लैंगिक जीवनाबद्दल समाधान विचारलंय, आणि आमची आई अकरा वर्षांपासून विधवा, शेजारी लेक बसलेली. तिनं मान खाली घातली. नात्यांच्या भागात प्रश्नच तीन, त्यातला एक रिकामा राहिला तर उरलेल्या दोनावरच मार्क काढावे लागतात, म्हणून तो विचारावा लागतो हे मान्य आहे, पण त्या प्रश्नाआधी नातेवाइकाला बाहेर बसवा आणि 'नाही सांगायचं' म्हटलं तर चालेल हे आधीच सांगा. मी ताईंना तसं बोलले, पुढच्या वेळी त्यांनी मला खरंच बाहेर थांबवलं.

वाचून घेऊन भरायला अर्धा तास लागतो, पैसे घेत नाहीत. पेशंटचा जवळचा चष्मा न्या आणि जेवण करून जा, आमचा नंबर लागेपर्यंत दीड वाजला होता.