हर्णैच्या बाल्कनीतला सूर्योदय

सुट्टीत दापोलीकडे जायचा बेत असेल आणि खोलीसाठी कुणी आगाऊ रक्कम मागत असेल, तर आधी हे वाचा. हर्णै-मुरूड रस्त्यावरच्या एका खऱ्याखुऱ्या निवासाचं नाव वापरून एका भामट्याने आमचे 9,601 रुपये घेतले. आकडा विचित्र वाटतो ना? त्या शेवटच्या एका रुपयातच सगळी मेख आहे.

शोधताना सर्वात वर एक जाहिरात आली. नारळ-पोफळीची वाडी, समोर समुद्र, खाली व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर. फोनवरचा माणूस अदबीने बोलणारा. "सर, नाताळात सगळं फुल्ल आहे, ही एकच सी-फेसिंग रूम उरलीय. अर्धे भरले तर धरून ठेवतो." दोन रात्रींचे 9,600, म्हणून 4,800 यूपीआयने भरले. लगेच जीएसटी क्रमांक आणि शिक्का असलेली पावती आली. नंतर त्याचा फोन: "सर, तुमची रक्कम सिस्टीमने घेतलीच नाही. बुकिंग कोड 4,801 चा आहे, एक रुपया कमी पडला. पूर्ण 4,801 पुन्हा भरा, आधीचे 4,800 आपोआप परत जातील." भरले. परत काही आलं नाही. मग त्याने क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, रिफंड जमा होईल." तिथे मात्र आम्ही थांबलो, कारण यूपीआयमध्ये पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. तो जराही चिडला नाही. "हरकत नाही सर, आल्यावर बिलातून वळते करू." इतक्या गोड माणसावर संशय तरी कसा घ्यायचा!

खेड सोडून दापोलीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा बायको जुने मेसेज वाचत होती. त्यात त्याने लिहिलं होतं, 'बाल्कनीतून समुद्रावरचा सूर्योदय अप्रतिम.' ती म्हणाली, "अरे, इथे समुद्र पश्चिमेला. सूर्य तर डोंगरामागून उगवतो!" पुढचा मेसेज त्याहून भारी: 'जंजिरा किल्ला समोरच.' जंजिरा रायगड जिल्ह्यातल्या मुरूडचा. दापोलीचं मुरूड वेगळं, ते रत्नागिरी जिल्ह्यात, आणि हर्णैसमोर आहे तो सुवर्णदुर्ग. कुठल्या तरी शहरात बसून धंदा करणाऱ्या या माणसाने हर्णै बघितलेलंच नव्हतं.

निवासाच्या दारात पोहोचलो तर मालकीणबाईंच्या वहीत आमचं नाव नव्हतं. त्यांना नवल वाटलं नाही, कंटाळा आला होता. "तुमच्यासारखे बरेच येतात हो. फोटो आमचेच, नंबर आमचा नाही." त्यांच्याकडे खोली शिल्लक नव्हती, पण चहा दिला आणि ओळखीने दापोली गावात सोय करून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघितला. इथे लुबाडतात असं आम्हाला निघताना दोघातिघांनी बजावलं होतं. प्रत्यक्षात पापलेटची टोपली वाळूवर सगळ्यांसमोर उघडी, बोली मोठ्याने, शेजारचा काय भाव देतोय तेही कानावर पडतं. घासाघीस होते, पण माल डोळ्यांसमोर असतो. आमच्या व्यवहारात नेमकं तेच नव्हतं.

आता कामाचं. खोली घेताना जाहिरातीतल्या नंबरवर विसंबू नका. गावातल्या दुसऱ्या एखाद्या खाणावळीला किंवा दुकानाला फोन करून त्या निवासाचा नंबर विचारा, कोकणात लोक आनंदाने देतात. फोनवरच्या माणसाला स्थानिक प्रश्न टाका: लिलाव किती वाजता सुरू होतो, सुवर्णदुर्गाला होडी कुठून सुटते, कड्यावरच्या गणपतीला जायला किती वेळ लागेल? खरा मालक बोलता बोलता ओहोटीची वेळही सांगून टाकेल. व्हिडिओ कॉलवर खोली आणि अंगण दाखवायला सांगा. यूपीआयवर पैसे भरण्याआधी पडद्यावर खातेदाराचं जे नाव दिसतं ते वाचा. आम्ही भरलेल्या खात्यावर कुणा परप्रांतातल्या मोबाईल दुकानाचं नाव होतं.

पैसे गेलेच तर 1930 वर लगेच फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आपल्या बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ती गोठवता येते, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक) आणि मेसेजचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. आमच्याशी झालेलं बरंचसं बोलणं त्याने नंतर पुसून टाकलं. आमची तक्रार नोंदली गेली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

परवा सहज पुन्हा शोधलं. तेच फोटो, तीच वाडी, नंबर नवा. फक्त गावाचं नाव आता दिवेआगर आहे.